पाऊस नक्की नाही, भाव नक्की नाही. तरी ठरवायचं कसं? खान्देशातल्या नव्या शेतकऱ्यांसाठी

खान्देशात पहिल्यांदाच शेतीचा कारभार बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. म्हणजे ज्यांना वडिलांनी यंदा "आता तूच बघ" म्हटलंय, जे पुण्या-नाशिकची नोकरी सोडून गावी आलेत किंवा ज्यांनी बटाईनं शेत घेतलंय, असे सगळे. बी किती खोल टोचायचं, खताचा डोस केव्हा द्यायचा, हे सांगणारे गावात पुष्कळ भेटतात. गाडी अडते ती जिथं कोणालाच नक्की माहीत नसतं आणि तरी आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं असतं तिथं. आभाळ भरून आलंय, बी घरात आहे, मजुरांची टोळी उद्या सकाळी कुठं जायचं ते विचारतेय.

अशा वेळी लोक सहसा एकाचं कोणाचं तरी खरं मानून मोकळे होतात. कोणी पंचांगाचं मानतं, कोणी मोबाइलचं, कोणी शेजारच्या आबांचं. उरलेले नक्की कळेपर्यंत थांबतात. दोघांचाही एक हिशेब मांडायचा राहतो: चुकलो तर किती जाईल? पाऊस पडेल का, हे तुम्हाला कधीच पुरतं कळणार नाही. पण पेरून फसलो तर किती पैसे जातात आणि थांबून फसलो तर किती, हे आदल्या रात्री वहीत लिहिता येतं. निर्णय बराचसा तिथंच लागतो.

आधी प्रश्न नीट लिहा

"यंदा पाऊस कसा आहे?" हा प्रश्न पारावर ठीक आहे, वहीत नको. त्याचं उत्तर मिळालं तरी उद्या काय करायचं ते ठरत नाही. प्रश्नात शेत, पीक, तारीख आणि मुदत या चारही गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ: "नाल्याकाठच्या काळ्या तुकड्यात परवा कपाशी टोचली, तर पुढच्या दहा दिवसांत तिला किमान २० मिलिमीटर पाऊस मिळेल का?"

असा प्रश्न लिहिला की निम्मी माहिती आपोआप बाजूला पडते. हवामान खातं एप्रिलच्या मध्यास मान्सूनचा पहिला अंदाज देतं आणि मेअखेरीस तो सुधारतं. "सरासरीच्या १०५ टक्के" हा आकडा अख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरलेली आहे, आणि मेच्या अंदाजातही चार टक्के इकडंतिकडं होऊ शकतं, हे खातं स्वतःच सांगतं. साक्रीच्या किंवा पारोळ्याच्या शेतात २० जूनला ओल असेल का, याच्याशी त्या आकड्याचा फारसा संबंध नाही. मान्सूनच्या आगमनाचंही तेच. तो मुंबईत २०२३ साली २५ जूनला पोचला, २०२४ साली ९ जूनला आणि २०२५ साली २६ मे रोजी. तीन वर्षांत महिन्याचा फरक. त्यातही २०२५ मध्ये इतक्या लवकर येऊन तो पुढं जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ जागीच थबकला. "मान्सून आला" या बातमीवर ज्यांनी कोरडवाहू पेरलं असेल, त्यांच्यापुढं तो खंड उभा होता.

कोणतीही माहिती मिळवायला धावण्याआधी स्वतःला विचारा: उत्तर "हो" आलं काय किंवा "नाही" आलं काय, मी वेगळं काही करणार आहे का? नसाल, तर त्यामागे वेळ घालवू नका.

बातमीचं मूळ शोधा

पाच जणांनी सांगितलं म्हणजे पाच पुरावे झाले असं नाही. चार व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज एकाच ठिकाणाहून निघालेला असतो. मोबाइलमधली हवामानाची ॲप वेगवेगळ्या नावांची असली, तरी बहुतेकांच्या मागं जगातली दोन-तीनच मोठी मॉडेल असतात. त्यामुळं तीन ॲप एकच सांगत असली तरी खात्री तिप्पट होत नाही. "कोनी सांगं रे भो तुले?" हा प्रश्न मूळ सापडेपर्यंत विचारत जा. दोन-तीन उड्यांत बातमी एक तर हवामान खात्याच्या पत्रकापाशी पोचते, नाहीतर कोणापाशीच पोचत नाही.

पत्रकातले शब्द मोजून वापरलेले असतात, तेवढे शिकून घ्या. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात. "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते अर्ध्या भागात. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे अर्ध्याच्या वर, पाऊण भागापर्यंत, आणि "बहुतांश ठिकाणी" त्याच्याही वर. म्हणजे "जळगाव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस" ही बातमी तुमच्या गावापुरती चारात एक एवढीच, फार तर. यलो अलर्टचाही असाच घोटाळा होतो. तो विजा, वारा, जोराच्या सरी यांपासून सावध राहा म्हणून दिलेला असतो. पेरणीपुरती ओल होईल असं तो कुठं म्हणत नाही.

अंदाजाची पहिले दोन-तीन दिवस बऱ्यापैकी भिस्त धरता येते, पाचव्या दिवसापर्यंत ती उतरते, आणि पंधरा दिवसांनंतरच्या ठरावीक तारखेला पाऊस सांगणारं ॲप करमणुकीला ठीक आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागरीखालची ढेकळं कोणत्या महिन्याची जास्त भिजली ते आपण बघतो, शेजारच्या बुलढाण्यात पाऊस-पिकाचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी होते. श्रद्धा श्रद्धेच्या जागी राहू द्या. फक्त वहीत त्यांनाही ॲपसारखाच रकाना ठेवा: काय सांगितलं होतं आणि काय झालं.

जे मोजता येतं ते मोजा

पुढचं कळत नसलं, तरी आज शेतात काय आहे ते कळू शकतं. आळस मात्र इथंच होतो.

पर्जन्यमापक विकत घ्यायलाच हवा असं नाही. तळ आणि तोंड एकाच मापाचा, सरळ भिंतीचा डबा घ्या. तेलाचा पत्र्याचा डबा वरून कापला तरी चालतो. झाडं आणि भिंती यांपासून लांब, मोकळ्यावर विटांच्या मध्ये घट्ट बसवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजा. डब्यात जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. बादली वापरू नका. तिचं तोंड रुंद आणि तळ निमुळता, त्यामुळं पाऊस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. महसूल मंडळाचा पाऊस सरकारच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो, पण एका मंडळात बरीच गावं येतात आणि जूनमधली सर शिवाराच्या एका बाजूला पडून दुसरी बाजू कोरडी ठेवते, हे इथं कोणाला सांगायला नको.

मग फावडं घेऊन शेतात तीन ठिकाणी वीत-दीड वीत खणा. वर ओल, खाली ओल आणि मध्ये कोरडा पट्टा दिसला, तर ओलीला ओल मिळालेली नाही. अशा शेतात बी उगवतं आणि चार दिवस ऊन पडलं की मान टाकतं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सुरुवातीचा बराच पाऊस त्या भेगांतच जातो. त्यामुळं डब्यात ४० मिलिमीटर दिसले तरी खाली ढेकूळ कोरडंच निघू शकतं. कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, त्याचं कारण हेच. बरड जमिनीत ओल लवकर खाली उतरते आणि लवकर उडतेही, म्हणून तिला पाठोपाठ पाऊस लागतो.

दोन्ही चुकांची किंमत मांडा

आता मुख्य काम. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडं "पेरलं आणि पाऊस गेला", उजवीकडं "थांबलो आणि पाऊस आला".

एक एकर कोरडवाहू कपाशी धरू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचा दर घाला. डावीकडं दुबार पेरणीचा खर्च येतो: बियाण्याची दोन पाकिटं १,८०० रुपये, टोचणीची मजुरी १,२००, पुन्हा वखरपाळी आणि सरी १,०००. एकूण ४,०००. उजवीकडं दहा-बारा दिवस उशीर झाल्यानं घटणारं उत्पन्न. एकरी ४० किलो कापूस कमी येईल असं धरलं आणि भाव क्विंटलला ७,००० धरला, तर २,८०० रुपये.

डावा आकडा दोन्हींच्या बेरजेनं भागा. ४,००० भागिले ६,८००, म्हणजे ०.५९. पीक पैसेवारीसारखं पैशांत सांगायचं तर पाऊस येण्याची खात्री रुपयात ५९ पैशांच्या वर असेल तरच आज पेरणं परवडतं. पन्नास पैसे वाटत असेल तर थांबा.

आता त्याच गावात, त्याच दिवशी, ठिबक बसवलेल्या आणि विहिरीला पाणी असलेल्या शेजाऱ्याचा हिशेब बघा. पाऊस गेला तर त्याला दोन-तीन पाणी द्यावं लागतं. वीज आणि माणूस धरून एकरी ६०० रुपये समजू. ६०० भागिले ३,४००, म्हणजे १८ पैसे. त्याला १८ पैशांवर पेरणं परवडतं आणि तुम्हाला ५९ वर. दोघांनी एकच पत्रक वाचलं, दोघांनी उलट निर्णय घेतले आणि दोघंही बरोबर आहेत. शेजाऱ्याची टोचणी सुरू झालेली बघून आपलीही सुरू करणं हे नव्या माणसाचं सगळ्यात महाग पडणारं अनुकरण आहे. मात्र विहीर किती दिवस पुरेल ते आधी बघा. मे महिन्यात अर्धा तास चालणारी मोटार या हिशेबात "पाणी आहे" म्हणून धरायची नसते.

यात दोन गोष्टी घालू नका. टोळीला दिलेला इसार, आणि आधीच केलेली नांगरट. ते पैसे पेरलं तरी गेलेत आणि थांबलं तरी गेलेत.

खात्रीचे पैसे कुठून आणायचे

आकाशाकडं बघून आकडा ठोकू नका. आधी मागचं बघा. महारेनवरून आपल्या मंडळाची किंवा तालुक्याची मागच्या दहा वर्षांची जून-जुलैची आकडेवारी काढा. दरवर्षी एकूण पाऊस ७५ मिलिमीटरवर ज्या दिवशी गेला तो दिवस शोधा आणि त्यापुढच्या दहा दिवसांत २० मिलिमीटर तरी पडला का ते बघा. दहापैकी पाच वर्षं पडला असेल तर तुमची सुरुवात ५० पैशांवर. हे काम एका दुपारचं आहे आणि पुढं दरवर्षी कामी येतं.

मग आजच्या अंदाजानं तो आकडा थोडा सरकवा. पत्रकात पुढचे तीन दिवस "बऱ्याच ठिकाणी" असेल तर ६५ च्या आसपास न्या. "तुरळक" असेल तर जिथं आहे तिथंच ठेवा. अंदाजच नसेल तर हातही लावू नका. नव्या माणसाची चूक उलट असते. तो मागचं काही न बघता थेट अंदाजावर उडी मारतो, आणि एका जोरदार सरीनं त्याचे ५० पैसे एकदम ९० होतात.

आकडा ५५ की ६० यावर रात्र घालवू नका. उंबरठा ५९ आणि तुमचा अंदाज ५५ ते ६५ असेल, तर दोन्ही निर्णय जवळपास सारखेच आहेत. जे सोयीचं असेल ते करा आणि झोपा.

निर्णयाचे तुकडे पाडा

सहा एकर एकदम पेरायलाच हवं, असं कोणी सांगितलेलं नाही. आधी दोन एकर काळ्या, खोल जमिनीचे किंवा विहिरीजवळचे, मग चार-पाच दिवसांनी ओल बघून पुढचे दोन, बरड तुकडा शेवटी. यानं सरासरी फायदा वाढत नाही, उलट टोळी तीनदा बोलवावी लागते म्हणून थोडा कमीच होतो. फायदा असा की सगळं एकदम बुडत नाही, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या दिवसांत तुम्हाला फुकटात जास्त माहिती मिळते.

बी विकत घेणं आणि बी पेरणं हेही दोन वेगळे निर्णय आहेत. मागणीच्या वाणासाठी दुकानापुढं गर्दी होते, म्हणून बी लवकर घ्यायला हरकत नाही. पक्की पावती घ्या, पाकीट आणि त्यावरची खूणचिठ्ठी जपून ठेवा, उगवणीची तक्रार करायची वेळ आली तर तीच लागते. पण बी घरात आलं म्हणून हात शिवशिवू देऊ नका. १ जूनच्या आधी कपाशी लावू नका असं कृषी खातं सांगतं ते गुलाबी बोंडअळीसाठी. लवकर लावलेल्या कपाशीला लवकर फुलं-पात्या येतात आणि अळीच्या पहिल्या पिढीची सोय होते. २०१७ च्या हंगामात या अळीनं राज्यभर काय केलं ते गावातल्या कोणालाही विचारा.

टोचणीच्याच दिवशी एकरी शे-दीडशे छोट्या पिशव्यांत माती-शेणखत भरून एकेक बी लावून ठेवा. आठ-दहा दिवसांनी नांग्या (बी न उगवलेल्या जागा) भरायला सारख्या वयाची रोपं मिळतात. थोड्या नांग्यांसाठी सगळं शेत मोडायची वेळ टळते.

थांबायचं ठरलं, तर केव्हापर्यंत हेही त्याच दिवशी लिहा. मुग-उडदाची वेळ लवकर निघून जाते. कोरडवाहू कपाशी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडं ओढू नये, मग बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडं वळावं. तारीख आधी ठरवलेली नसली, की माणूस "अजून दोन दिवस बघू" करत करत आर्द्रा आणि पुनर्वसू घालवतो.

जी चूक सोसणार नाही

वरचा सगळा हिशेब चूक सोसता येते तोवरच खरा. रावेर-यावलकडं केळीची नवी बाग लावताना टिश्यूकल्चर रोपं, ठिबक, खतं यांत एवढा पैसा आधीच गुंततो, की मे-जूनच्या एका वादळानं बाग आडवी झाली तर कुटुंब दोन-तीन वर्षं मागं जातं. तिथं "सरासरीनं फायदा आहे" एवढं पुरत नाही. आधी क्षेत्र एवढं कमी करा की सगळं गेलं तरी घर चालेल, मग भागाकार करा. हवामानावर आधारित फळपीक विमा घ्या, पण भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते हे ध्यानात ठेवा. तुमच्या बांधावर वारा किती होता ते त्या केंद्राला माहीत नसतं.

कापूस विकताना

पावसात निदान मागची आकडेवारी तरी मदत करते. भावात तीही फारशी करत नाही. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढं गेला. पुढच्या हंगामात तोच भाव डोक्यात धरून खान्देशात घराघरांत कापूस भरून ठेवला गेला आणि भाव उतरत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही काळासाठी काढलं. असा निर्णय केव्हा येईल हे गावातल्या व्यापाऱ्यालाही आधी कळत नाही. तेव्हा भावाचा अंदाज बांधण्यापेक्षा थांबण्याची किंमत काढा.

समजा आज भाव ७,५०० आहे आणि तुमच्यावर महिना दोन टक्क्यांचं हातउसनं आहे. चार महिने थांबलात तर क्विंटलमागं ६०० रुपये व्याज. म्हणजे ८,१०० मिळाले तर कुठं तुम्ही आजच्या जागेवर येता, आणि त्यात जागा अडणं, उंदीर, आगीची धास्ती आणि घरभर सुटणारी खाज धरलेली नाही. कर्ज नसेल तर थांबणं तुम्हाला खूपच स्वस्त पडतं. पुन्हा तेच, शेजाऱ्याचा निर्णय तुमच्या कामाचा नाही.

ओलाव्याचा हिशेब बरेच जण चुकवतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढं १२ पर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, त्यावर कापूस परत. १२ टक्क्यांचा एक क्विंटल कापूस वाळवून ८ वर आणला तर वजन सव्वाचार किलोंहून थोडं जास्त घटतं. कपात झाली काय आणि वजन घटलं काय, जवळजवळ एकच. म्हणून १२ च्या आतला माल केवळ कपात वाचवायला वाळवत बसू नका. १२ च्या वर असेल तर मात्र वाळवल्याशिवाय गाडी भरू नका, भाडं अंगावर पडेल. २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० होता. खेडा खरेदीचा, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याचा भाव ऐकताना त्यातून कट्टी (वजनातली कपात) किती जाते ते आधी विचारा आणि मगच तुलना करा.

माल तीन भागांत काढा. पहिला वेचणी झाल्यावर देणी फेडण्यापुरता, दुसरा तुम्ही आधी लिहून ठेवलेल्या भावाला, तिसरा लिहून ठेवलेल्या तारखेला, भाव काहीही असो. भाव आणि तारीख दोन्ही दसऱ्याच्या आधी वहीत यायला हवेत. भाव चढायला लागल्यावर लिहिलेला आकडा रोज वर सरकतो.

वही

दोनशे पानी साधी वही पुरे. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक पान. तारीख, नेमका प्रश्न, तेव्हा काय माहीत होतं, खात्री किती पैसे, दोन्ही चुकांची किंमत आणि काय ठरवलं. पानाचा खालचा भाग निकालासाठी कोरा ठेवा. हे निर्णयाच्याच रात्री लिहायचं. निकाल लागल्यावर लिहिलं तर "मला वाटतच होतं" असंच उतरतं.

हंगाम संपला की निकाल झाकून फक्त वरचा भाग वाचा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा: एवढंच माहीत असताना तुम्ही काय केलं असतं? उंबरठा ५९ असताना ३० पैशांवर पेरून पीक आलं, तर निर्णय वाईटच होता, नशीब चांगलं होतं. ७० पैशांवर पेरून दुबार पेरणी आली, तर पुढच्या वर्षी तसंच करा. तीन-चार हंगामांची पानं झाली की जिथं जिथं तुम्ही ७० पैसे लिहिलंत ती सगळी एकत्र काढा. त्यांतली दहात सात खरी ठरली तर तुमचा अंदाज जागेवर आहे. चारच ठरली असतील, तर पुढच्या जूनमध्ये ७० लिहाल तेव्हा हिशेबात ४० धरा.